कोंबड्या पाळणाऱ्यांच्या हिरवळीतील हुमणी : विषाविना बंदोबस्त कसा करावा

सप्टेंबर महिन्यात, पाऊस पुरेसा झालेला असतानाही अंगणातील हिरवळीवर ताटाएवढे पिवळे चट्टे दिसू लागले आणि त्या जागचे गवत मुठीत धरून ओढताच सतरंजीची कडा उचलावी तसे मातीपासून सुटून आले, तर खाली हुमणी, म्हणजे गवताची मुळे खाणारी भुंगेऱ्याची पांढरी जाड अळी, असण्याची शक्यता मोठी असते. ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत, ते अशा वेळी कृषी सेवा केंद्रातून दाणेदार कीटकनाशक आणून टाकतात आणि पाणी देऊन मोकळे होतात. ज्यांच्या कोंबड्या त्याच हिरवळीवर चरतात, त्यांना हा मार्ग बंद आहे, कारण त्या मातीत जे टाकावे ते किड्यांतून कोंबडीत आणि कोंबडीतून अंड्यात येते. मात्र हुमणीचे जीवनचक्र नीट समजून घेतले आणि प्रत्येक काम योग्य महिन्यात केले, तर विषाशिवायही तिला आवर घालता येतो, असा माझा काही वर्षांचा अनुभव आहे.

आधी खात्री करून घ्यावी

हिरवळ पिवळी पडण्याची कारणे अनेक असतात. पाण्याचा ताण, कुत्र्याचे मूत्र, बुरशी, एका जागी सांडलेला युरिया यांपैकी कशानेही चट्टे पडतात, परंतु अशा चट्ट्यांतील गवत ओढले तरी मुळे मातीला धरून राहतात. हुमणीने मुळे कुरतडलेली असल्यामुळे गवत अलगद सुटते, आणि हाच फरक सर्वांत भरवशाचा आहे. साळुंक्या आणि कावळे सकाळी एकाच जागी येऊन माती उकरत असतील, तर तीही खूण समजावी.

चट्ट्याच्या मधोमध नव्हे, तर पिवळे आणि हिरवे गवत जेथे मिळते तेथे एक फूट लांब व एक फूट रुंद चौकोन खुरप्याने कापावा आणि चार इंच खोलीपर्यंतची माती गोणपाटावर काढून चाळावी. मधल्या मेलेल्या भागातील खाद्य संपलेले असते आणि अळ्या कडेकडे सरकलेल्या असतात. अशा तीन-चार जागा तपासून दर चौरस फुटाला सरासरी एखाददुसरी अळी मिळाली, तर हिरवळ ते नुकसान सहसा स्वतःच भरून काढते, तेव्हा फक्त लक्ष ठेवावे. चार-पाच किंवा त्याहून जास्त मिळाल्या, तर पुढील उपाय हाती घ्यावेत. हा माझा व्यवहारातील अंदाज आहे आणि गवत आधीच अशक्त असेल तर याहून कमी अळ्यांनाही काम सुरू करावे.

मिळालेली प्रत्येक पांढरी जाड अळी हुमणीच असते असे नाही. शेणखताच्या खड्ड्यात किंवा कुजलेल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या काही भुंग्यांच्या अळ्या दिसायला जवळजवळ तशाच असतात, परंतु त्या जिवंत मुळांना हात लावत नाहीत. ओळखण्यासाठी अळी गुळगुळीत फरशीवर ठेवावी. त्यांपैकी फुलांवर येणाऱ्या भुंग्यांची अळी पाठीवर उताणी होऊन सरपटत चालू लागते. हुमणीची अळी अर्धचंद्रासारखी वळून कुशीवर पडून राहते, तिचे डोके तांबूस तपकिरी असते आणि मागचे टोक आतील मातीमुळे काळसर दिसते. पाठीवर चालणाऱ्या अळ्या पुन्हा खताच्या ढिगात सोडून द्याव्यात, त्या खत कुजवण्याचे उपयोगी काम करतात.

कीटकनाशक का टाळायचे

हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे बंद झाले आहे, तरीही कोणाच्या तरी माळ्यावर त्याची जुनी पिशवी पडलेली असते आणि मदत म्हणून ती शेजारच्या घरी दिली जाते. तिला हात लावू नये. दाणेदार विषे पक्ष्यांच्या बाबतीत विशेष घातक ठरतात, कारण कोंबडीला पोटात अन्न दळण्यासाठी बारीक खडे लागतात आणि वाळूच्या कणासारखा दिसणारा विषाचा दाणा ती खडा समजून उचलते.

सध्या हुमणीसाठी सुचवल्या जाणाऱ्या औषधांपैकी फिप्रोनिल हे कोंबडीवर्गातील पक्ष्यांना अतिशय विषारी आहे, शिवाय ते चरबीत साठते आणि तेथून अंड्याच्या बलकात उतरते. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या घरांतील गोचिडींसारख्या बारीक किड्यांवर बेकायदा वापरलेले हेच औषध अंड्यांत सापडले आणि युरोपभर लाखो अंडी दुकानांतून परत घ्यावी लागली. तेथे ते औषध खुराड्यात वापरले गेले होते. आपल्या हिरवळीत ते टाकले, तर अर्धमेली अळी टिपून कोंबडी ते स्वतःच पोटात घेईल. बलकाची मुख्य वाढ अंडे घालण्याआधीच्या सुमारे दहा दिवसांत होत असल्याने, कोंबडी आज निरोगी दिसली म्हणून उद्याचे अंडे निर्दोष आहे असे मानता येत नाही.

आणखी एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही. घर बांधताना किंवा नंतर वाळवीसाठी पायाभोवती औषध टोचलेले असेल, तर भिंतीलगतच्या पट्ट्यातील अळ्या कोंबड्यांना कधीही खाऊ घालू नयेत आणि तेवढ्या भागाला जाळी लावून घ्यावी. हिरवळीत कोणी औषध आधीच टाकले असेल, तर त्या हंगामापुरता कोंबड्यांचा वावर पूर्ण बंद करावा, मेलेले किडे वेचून खोल पुरावेत आणि अंडी खाण्याबाबत पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. कोंबडीच्या चोचीतून लाळ गळणे, पंख खाली लोंबणे, अंग थरथरणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली, तर वेळ न दवडता पशुवैद्यकांकडे न्यावे किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर संपर्क साधावा. औषधाचे वेष्टन सोबत ठेवावे, कारण उतारा कोणता द्यायचा हे त्यावरून ठरते.

कोंबड्यांकडून काम कसे करून घ्यावे

कोंबड्यांना हुमणी मनापासून आवडते, म्हणून त्यांना हिरवळीवर मोकळे सोडले की प्रश्न सुटेल असे वाटते. पहिल्या वर्षी मीही तसेच केले. सहा गिरीराज कोंबड्या आठवडाभर सगळ्या अंगणात फिरल्या, त्यांनी मऊ मातीचे कोपरे उकरले, धुळीत लोळण्यासाठी चांगल्या गवतात खड्डे केले, आणि जेथे अळ्या खरोखर होत्या ती घट्ट झालेली जागा जवळपास तशीच सोडली. कोंबडी पायांनी दोन-तीन इंचांपलीकडे सहसा उकरत नाही, आणि तेही माती भुसभुशीत असेल तरच. त्यामुळे जागा आपण ठरवावी, माती आपण मोकळी करावी आणि वेळही आपणच नेमावी.

त्यासाठी तळ नसलेला, वरून झाकलेला जाळीचा हलका पिंजरा करावा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सुमारे दोन फूट उंच असा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांचा केला, तर दोघांना तो सहज उचलता येतो. घार, मांजर आणि मुंगूस यांच्यापासूनही त्यात संरक्षण मिळते. अशा पिंजऱ्यात तीन मोठ्या कोंबड्या पुरेशा होतात. आठ आठवड्यांखालील पिल्ले या कामाला घेऊ नयेत.

आदल्या संध्याकाळी चट्ट्यावर भरपूर पाणी द्यावे. माती कोरडी झाली की अळ्या ओलाव्यामागे खाली जातात, आणि ओल असली की मुळांजवळ वरच्या थरात राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मेलेले गवत फावड्याने कापून चटईसारखे उलटे करून ठेवावे, खालची माती दाताळ्याने तीन-चार इंच मोकळी करावी, आणि मग त्यावर पिंजरा ठेवून कोंबड्या आत सोडाव्यात. साडेचारच्या सुमारास सोडल्यास त्यांना दीड-दोन तास मिळतात, आणि अंधार पडू लागताच त्या आपोआप खुराड्याकडे ओढ घेतात, त्यामुळे पकडण्याची धावपळ होत नाही. सकाळी नेहमीच्या खाद्याचा अर्धाच भाग द्यावा आणि उरलेला संध्याकाळी द्यावा. उपाशी मात्र ठेवू नये, कारण उपाशी कोंबडी निवड न करता मुळे, माती, दगड असे सगळेच गिळते. पिंजऱ्यातील अळ्या संपल्या की कोंबड्या गवताच्या हिरव्या कडेकडे चोची वळवतात, तेव्हा पिंजरा पुढे सरकवावा. एका जागी दिवसभर ठेवल्यास जमीन तुडवली जाते आणि ताज्या विष्ठेतील नत्राने राहिलेले गवतही जळते. पाऊस पडून चिखल झालेला असेल, तर त्या दिवशी हे काम करू नये.

तीन-चार दिवसांच्या अंतराने तीच जागा दोनदा-तीनदा उकरून घ्यावी. पहिल्या खेपेला निम्म्याच अळ्या वर येतात.

अळ्या किती खाऊ द्याव्यात यालाही मर्यादा आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, आणि त्यातील वरखाऊचा, म्हणजे नेहमीच्या खाद्याशिवाय दिलेल्या गोष्टींचा, वाटा एक दशांशापेक्षा अधिक असू नये, म्हणजे पूर्ण वाढलेल्या चार-पाच अळ्या एका कोंबडीला एका दिवसात पुरे होतात. पिंजऱ्यात एखादे दिवशी थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही, परंतु हाताने वेचलेल्या अळ्यांची बादली त्यांच्यापुढे ओतू नये. अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना अळ्यांतून मिळत नाही, म्हणून या दिवसांत शिंपल्यांचा भुगा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. हुमणी गिळली तर ती कोंबडीची अन्नपिशवी आतून कुरतडते, अशी एक समजूत आहे. कोंबडी अळीला चोचीने आपटून फोडते आणि पोटातील दळण उरलेले काम करते, त्यामुळे ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरी काळजी जंतांची आहे. कोंबडीतील पट्टकृमींच्या काही जातींची पिले भुंग्यांच्या आणि मुंग्यांच्या शरीरात वाढतात आणि ते किडे खाल्ल्याने कोंबडीत येतात. म्हणून किडे खाणाऱ्या कोंबड्यांची विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी, जंतनाशक त्यांच्या सांगण्याप्रमाणेच द्यावे, आणि ते दिल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे न चुकता विचारावे. उकरलेल्या जागी साळुंक्या, बगळे जमतात. ते अळ्या खातात ही मदतच आहे, परंतु रानीखेत आणि बर्ड फ्लू यांसारखे रोग रानपक्ष्यांकडून येऊ शकतात, त्यामुळे कोंबड्यांचे खाद्य आणि पाणी हिरवळीवर उघडे ठेवू नये आणि रानीखेतची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

जमिनीत सोडायचे मित्रजीव

कोंबड्यांची चोच जेथे पोहोचत नाही तेथे दोन जैविक उपाय उपयोगी पडतात, आणि दोन्ही पक्ष्यांना निर्धोक आहेत. पहिला उपाय मेटारायझियम या बुरशीचा. तिचे बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटून आत शिरतात आणि अळी मेल्यावर तिच्यावर हिरवी भुकटी धरल्यासारखी दिसते. कृषी शिफारशींत हेक्टरी २० किलो हे प्रमाण नेहमी आढळते, म्हणजे चौरस मीटरला दोन ग्रॅम. पन्नास चौरस मीटर हिरवळीसाठी १०० ग्रॅम पावडर दहा किलो चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळावी, ओलसर करून सावलीत झाकून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पसरावी. पाकिटावर वेगळे प्रमाण दिलेले असेल तर तेच पाळावे. ही बुरशी सावकाश काम करते, ओलावा मागते आणि लहान अळ्यांवर अधिक चालते, म्हणून जुलै-ऑगस्ट हा तिचा खरा काळ आहे. त्याच दरम्यान हिरवळीवर बुरशीनाशक फवारल्यास सगळा खर्च पाण्यात जातो. पावडर मिसळताना नाकाला फडके बांधावे.

दुसरा उपाय कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींचा, ज्यांतील हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात आपल्याकडे उपलब्ध आहे. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी जमिनीतील पाण्यातून पोहत अळी शोधतात, तिच्या शरीरात शिरून सोबतचे जिवाणू सोडतात, आणि मेलेली अळी विटकरी लाल रंगाची होते. मोठ्या अळ्यांवरही ते काम करतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये जाग आलेल्यांना हाच उपाय जवळचा आहे. मात्र ते जिवंत प्राणी आहेत. उत्पादनाची तारीख पाहावी, पाकीट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, सूर्य मावळल्यावर ओल्या जमिनीवर झारीने द्यावे, लगेच वरून पाणी द्यावे आणि पुढील आठ-दहा दिवस माती सुकू देऊ नये. या दोन्ही गोष्टी कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे विचाराव्यात. जवळचे केंद्र ठाऊक नसल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते.

येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी कोंबड्यांचे उकरणे पूर्ण करावे, मग मित्रजीव सोडावेत, आणि त्यानंतर किमान दोन आठवडे त्या जागी कोंबड्या येऊ देऊ नयेत. मित्रजीवांपासून कोंबड्यांना धोका नसतो, परंतु उकरल्याने माती सुकते आणि सोडलेले जीव मरतात.

हिरवळ पुन्हा बसवणे

उकरलेली जागा सपाट करून तिच्यावर माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून एक इंचाचा थर द्यावा आणि दूर्वांच्या किंवा आपल्याकडील लॉनच्या गवताच्या मुळ्या असलेल्या कांड्या वीतभर अंतराऐवजी चार-चार बोटांवर लावाव्यात. कच्चे शेणखत अजिबात वापरू नये, त्यातून अळ्या आणि अंडी येतात आणि त्याचा वास मादी भुंगेऱ्यांनाही ओढून आणतो. कोंबड्यांची विष्ठाही ताजी टाकू नये, ती पालापाचोळ्यासोबत दोन-तीन महिने कुजवूनच वापरावी. नवे गवत धरेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे, तेथे जाळी असू द्यावी.

पुढच्या वर्षीचे काम वळवाच्या पावसात

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी हुमणीची जात वर्षातून एकच पिढी पुरी करते. हिवाळ्यात अळी जमिनीत खोल जाऊन कोषात जाते, त्यातून तयार झालेला भुंगेरा तेथेच थांबतो आणि मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की संध्याकाळी बाहेर येतो. हे तांबूस तपकिरी भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाने खातात, तेथेच त्यांचे मीलन होते, आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. सप्टेंबरमधील पन्नास अळ्या वेचण्यापेक्षा जूनमधील एक मादी पकडणे सोपे आहे, म्हणून वर्षभराच्या कामातील हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

दुर्दैवाने कोंबड्या दिवेलागणीला खुराड्यात शिरतात आणि भुंगेरे नेमके त्याच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे दोघांची गाठ माणसालाच घालून द्यावी लागते. पहिल्या पावसानंतर सलग पंधरा-वीस दिवस, साडेसात ते नऊच्या दरम्यान, झाडाखाली जुनी चादर अंथरावी, आकडी लावलेल्या काठीने फांद्या जोराने हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे झाकणाच्या बादलीत गोळा करावेत. शेतकरी ते रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. ते कोंबड्यांना द्यायचे असतील, तर रॉकेल किंवा साबण न वापरता गरम पाण्यात टाकून मारावेत आणि सकाळी प्रत्येकीला चार-पाच इतकेच द्यावेत. ज्या झाडावर किंवा शेजारच्या बागेत फवारणी झाली आहे, तेथील भुंगेरे मात्र रॉकेलच्या पाण्यातच जावेत. दिव्याचा सापळा लावायचा असल्यास पसरट घमेल्यात साधे पाणी भरून त्याच्यावर हातभर उंचीवर दिवा टांगावा आणि नऊनंतर तो मालवावा, कारण रात्रभर जळणारा दिवा उपयोगी किडेही मारतो.

अंगणात कडुनिंब नसेल, तर त्याच्या ताज्या फांद्या बादलीत उभ्या करून हिरवळीच्या कडेला ठेवाव्यात, काही भुंगेरे त्यांवरही येतात. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठच्या भागात हुमणीची दुसरी एक जात आढळते. तिचे भुंगेरे पाने खाण्यासाठी झाडांवर येत नाहीत, त्यामुळे तेथील लोकांनी झाडे झोडपण्यात वेळ न घालवता संध्याकाळी जमिनीलगत उडणारे भुंगेरेच जाळीने पकडावेत आणि जुलैमधील मेटारायझियमवर अधिक भर द्यावा.

सकाळी कोंबड्या सोडताना त्यांना प्रथम त्या झाडाखालच्या मोकळ्या मातीत न्यावे. रात्री हातून सुटलेले भुंगेरे तेथेच दोन-तीन इंचांवर लपलेले असतात आणि कोंबड्या ते स्वतःच शोधून काढतात.